गच्चीवरच्या स्वीट कॉर्नला दाणेच भरले नाहीत, मदत हवी आहे

खिडकीतली_तुळस

नमस्कार मंडळी,

नेरूळला आमचं सिडकोचं जुनं रो-हाऊस आहे, वर साधारण १२ बाय १५ फुटांची गच्ची. मिरच्या, वांगी, अळू, गवती चहा हे सगळं सात-आठ वर्षं नीट चाललंय, म्हणजे माझा हात अगदीच वाईट नाही. यंदा मात्र मक्यापुढे हात टेकले.

उठाठेव केली ती ऋषीपंचमीच्या भाजीसाठी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आणि सासूबाई दरवर्षी भाजीवाल्याला खोदून खोदून विचारतात, "हे कणीस नांगरलेल्या शेतातलं नाही ना?" तो बिचारा दरवर्षी नाही म्हणतो. म्हटलं, यंदा गच्चीतलंच कणीस घालू. आमच्या जिन्यातून बैल वर येणं शक्य नाही.

पेरणी १४ जूनला. बियाणं पाकिटातलं, हायब्रीड स्वीट कॉर्न, औषध लावलेले गुलाबी, सुरकुतलेले दाणे. रंगाच्या २० लिटरच्या ८ बादल्या खाली भोकं पाडून घेतल्या आणि पश्चिमेच्या कठड्याला लागून एका ओळीत मांडल्या, कारण मधल्या जागेत कपडे वाळतात. प्रत्येक बादलीत एक रोप. सहाव्या दिवशी सगळी उगवली आणि महिनाभर दृष्ट लागेल अशी वाढली. जुलैच्या शेवटी खालची पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा ओंजळभर गांडूळखत घातलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुरे आले, मागोमाग कणसांना केस.

केस तपकिरी होऊन वाळले म्हणून ऋषीपंचमीच्या सकाळी काढली. ८ झाडांची ९ कणसं. सोलली तर एकेक म्हणजे दात पडलेले आजोबा. एकावर ४१ दाणे (माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने मोजले), दुसऱ्याचा निम्मा दांडा बोडका. आणि जे होते तेही गोड नाहीत. चिवट, पिठूळ. शेवटी भाजीत काय घातलं ते विचारू नका.

चुकलं कुठे? पाऊस, खत, बियाणं, की मुळात बादलीत मका लावणं हाच वेडेपणा? पाकिटात अजून बी आहे. नवरात्र झालं की पुन्हा पेरायचा विचार आहे, पण आधी कारण कळायला हवं.

---

खवय्या

वाशी मार्केट तुमच्यापासून किती लांब आहे हो? (पळतो.)

---

मातीचे_हात

खवय्या, तुम्ही पळाच.

ताई, मी ठाण्याला वर्तकनगरात राहतो. सोसायटीच्या परवानगीने गच्चीवर तीन वर्षं मका लावतोय आणि पहिल्या वर्षी तुमच्यासारखेच आजोबा काढलेत. तुमच्या पोस्टमध्ये उत्तर आहे: "एका ओळीत".

मक्याचा तुरा म्हणजे नरफुलं आणि कणसाचे केस म्हणजे मादीफुलांचे धागे. एक केस, एक दाणा. ज्या केसावर पराग पडला त्याचा दाणा भरतो, ज्याच्यावर नाही पडला तिथे खळगा राहतो. ९ कणसांत जेवढे खळगे, तेवढे केस कोरडे गेले. आणि हे काम मधमाशीवर सोपवलेलं नाही, वाऱ्यावर आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येचा, तुमची ओळ पश्चिमेच्या कठड्याला. म्हणजे तुऱ्यातून उडालेले पराग शेजारच्या झाडावर पडायच्या ऐवजी थेट गच्चीच्या मध्यावर. तिथे काय आहे म्हणालात? कपडे.

मका ओळीत नाही, चौकोनात लावायचा. निदान ४ बाय ४. मग वारा कुठूनही येवो, पराग कुणाच्या तरी डोक्यावर पडतात.

त्यात पाऊस. ओलं असलं की तुऱ्याच्या पुंकेसरांची तोंडं नीट उघडत नाहीत, आणि उघडलीच तर पराग भिजून गोळा होतात. ऑगस्टचा पहिला आठवडा नेरूळला कसा असतो ते मी तुम्हाला काय सांगणार.

पण गोडीचं कोडं सुटत नाही. पिठूळ होण्याची दोन कारणं. एक म्हणजे कणीस उशिरा काढणं. केस निघाल्यापासून साधारण १८ ते २२ दिवसांत तयार होतं. केस वाळले की वरून थोडं सोलून दाण्यात नख खुपसून बघायचं. पाणी आलं तर कच्चं, दूध आलं तर आजच काढा, कणकेसारखं लागलं तर उशीर झाला. दुसरं कारण विचारतो आणि खरं सांगा: गच्चीत आणखी कुठला मका होता का?

---

खिडकीतली_तुळस

बापरे. त्या आठवड्यात पांढऱ्या चादरीवर बारीक पिवळी पूड दिसायची. मी हळद समजले आणि नवऱ्याला बोलले. त्यांची माफी मागायला हवी.

आणि हो, होता. सासूबाईंनी सिन्नरहून आणलेला गावठी मका. कोपऱ्यात अर्धी कापलेली जुनी पाण्याची टाकी आहे, तिच्यात त्यांनी पाच दाणे टाकले होते, त्याच दिवशी, "तुझं ते विलायती येतंय का बघू" म्हणत. त्यांची पाचही कणसं टच्च भरली. भाजीत तीच घातली. म्हणूनच विचारू नका म्हटलं होतं.

कुठला कोपरा ते आधीच सांगते: नैर्ऋत्य.

---

मातीचे_हात

झालं तर मग. चोर सापडला, आणि तो घरातलाच निघाला.

स्वीट कॉर्नची गोडी एका जनुकीय दोषामुळे असते. साध्या मक्यात साखरेचा स्टार्च होत जातो, गोड मक्यात ते काम मधेच अडतं म्हणून साखर शिल्लक राहते. पण हा गुण दबणारा आहे. केसावर गावठी मक्याचा पराग पडला तर तो दाणा त्याच हंगामात पिठूळ होतो, पुढच्या पिढीची वाट बघत नाही. टोमॅटो-मिरचीत असं होत नाही, कारण तिथे आपण फळाचा गर खातो आणि तो आईचाच असतो. मक्यात आपण दाणा खातो, म्हणजे बीच, आणि बीमध्ये बापाचाही वाटा आला.

उलट बाजूने मात्र काही बिघडत नाही. तुमच्या स्वीट कॉर्नचे पराग सासूबाईंच्या कणसांवर पडले असतील तरी त्यांचे दाणे गावठीच राहिले. शिवाय पाच झाडं एकाच टाकीत दाटीने, म्हणजे आपोआप चौकोन. त्यांना सगळं फळलं.

एखादं कणीस शिल्लक असेल तर पूर्ण वाळू द्या. गोड दाणा वाळला की सुरकुततो, पेरताना होता तसाच. गावठी पराग लागलेला दाणा वाळूनही गुळगुळीत आणि फुगीर राहतो. एकाच कणसावर दोन्ही दिसले की पुरावा मिळाला.

---

बांधावरून

राम राम. आमच्याकडे मका एकरात असतो, बादलीत नाही, तरी दोन शब्द.

खालची पानं कशी पिवळी पडली? टोकापासून सुरू होऊन मधल्या शिरेने इंग्रजी व्हीसारखी आत येत असतील तर नत्र कमी पडलं. मका खादाड. बादलीत पावसाने नत्र धुऊन जातं आणि ओंजळभर गांडूळखताने त्याचं काहीच होत नाही. रोप गुडघ्याएवढं झालं की मूठभर पेंड द्या, तुरा दिसायच्या आधी आणखी एकदा. सोबत बुंध्याला मातीची भर लावा. खालच्या पेरातून आधारमुळं निघतात, त्यांना माती मिळाली तर झाड वाऱ्यात टिकतं. म्हणून पेरताना बादली काठापर्यंत भरू नका, वरची चार बोटं मोकळी ठेवा.

बुडाशी फुटवे येतात ते काढत बसू नका.

पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, रोज डोकावायचं. पानाला खिडक्या पडल्यासारखं दिसलं आणि पोंग्यात लाकडाच्या भुश्शासारखी विष्ठा सापडली तर ती अमेरिकन लष्करी अळी. २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा दिसली आणि बघता बघता आमच्याकडेही आली. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. सोळा झाडांना फवारणी कशाला, हाताने वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. पानाखाली अंड्यांचा पुंजका दिसला तर चिरडा. फारच झालं तर निंबोळी अर्क, संध्याकाळी, थेट पोंग्यात.

एक शंका. आम्ही आता ट्रॅक्टरने नांगरतो. मग आमचा मका ऋषीपंचमीला चालायला पाहिजे ना?

---

खिडकीतली_तुळस

दादा, हा प्रश्न मी घरात विचारणार नाही. पिवळेपणा अगदी तुम्ही म्हणता तसाच होता, मला वाटलं पाणी जास्त झालं.

---

पामबीचवाली

मी फुटवे काढते. बादलीत माती मोजकी, त्यात चार तोंडं कशाला पोसायची? एका झाडाला एकच कणीस चांगलं भरतं असा माझा अनुभव आहे.

---

बांधावरून

काढा बापडे. फुटव्याची पानंही झाडालाच खाऊ घालतात, आणि ओढून काढताना मुळं हलतात ते वेगळंच. एका कणसाचं मात्र बरोबर. बादलीतल्या झाडाकडून दुसऱ्याची आशा करू नये.

---

येऊरशेजारी

आमची इमारत डोंगराच्या पायथ्याशी. परागीभवन उत्तम, खत उत्तम, कणसं दुधावर आली आणि माकडांनी एका सकाळी सगळी नेली. सोलून, आत बघून, न आवडलेली परत टाकली. नेरूळला माकडं नसतील, पण पोपट आणि खारी असतीलच. केस वाळायला लागले की कणसाला कागदी पिशवी बांधा. त्याआधी नको, पराग अडतील.

---

मातीचे_हात

पिशवीला +१.

ताई, हातानेही पराग लावता येतो आणि गच्चीवर तो लावावाच. तुरा उमलायला लागल्यावर दोन-तीन दिवसांत केस बाहेर येतात. सकाळी दव सुकल्यावर, साधारण ९ ते ११ च्या मधे, तुरा कागदावर वाकवून टिचकी मारायची. पिवळी पूड पडते, तीच, चादरीवरची. ती लगेच केसांवर भुरभुरवायची, शक्यतो दुसऱ्या झाडाची. हे चार-पाच दिवस रोज करा, कारण कणसाचे सगळे केस एकदम निघत नाहीत. बुडाकडचे आधी, टोकाचे शेवटी. म्हणूनच फक्त टोक बोडकं राहिलं तर शेवटचे केस हुकले किंवा खत कमी पडलं असं समजायचं, आणि तुमच्यासारखे सगळीकडे खळगे असतील तर परागच कमी.

पेरणी ऑक्टोबरच्या मध्यावर करा. तुरे डिसेंबरच्या सुरुवातीला येतील, हवा कोरडी आणि ऊनही सोसवेल असं. थंडीत आठ-दहा दिवस जास्त लागले तर घाबरू नका. सोळा बादल्या चारच्या चार ओळींत, एकमेकींना खेटून. भिजलेली बादली २५-३० किलोच्या घरात जाते, तेव्हा स्लॅब जुना असेल तर मधोमध न ठेवता खाली भिंत किंवा तुळई असेल तिथे ठेवा. आणि हायब्रीडच्या कणसातलं बी राखून पेरू नका, पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही.

सासूबाईंचा मका एक तर नको, नाही तर तीन आठवडे मागाहून. गच्चीवर अंतर ठेवून भागत नाही, तारखाच लांबवाव्या लागतात.

---

खवय्या

परत आलो. गंभीरपणे सांगतो, कणीस काढलं की त्याच तासाला उकडा. जुन्या जातींची साखर काढल्यापासून झपाट्याने उतरते. हल्लीची जास्त गोड हायब्रीडं फ्रिजमध्ये काही दिवस टिकतात, पण झाडावरून थेट कुकरात गेलेल्या कणसाची चव तलावपाळीच्या गाडीवरही मिळत नाही. मीठ-तिखट-लिंबू लावायच्या आधी एक घास कोरडा खा.

---

खिडकीतली_तुळस

निकाल आणलाय. सगळ्यात वाईट कणीस मुलाने शाळेत दाखवायला म्हणून ठेवलं होतं, ते दोन आठवडे स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगलेलं होतं. काल उतरवलं. २३ दाणे सुरकुतलेले, १८ गुळगुळीत आणि फुगीर. एकाच दांड्यावर, शेजारी शेजारी. टाकीकडच्या बाजूच्या पहिल्या झाडाचं कणीस होतं ते.

मुलाला आता दाणे मोजायचा नादच लागलाय. बाजारातून तीन कणसं आणली तर त्याने उभ्या रांगा मोजल्या: १४, १६, १६. त्याला विषम आकडा हवाय, मिळत नाहीये.

---

मातीचे_हात

मिळणारही नाही. कणसावर फुलं जोडीने येतात, त्यामुळे रांगा समच. त्याला शोधू द्या, तेवढ्या निमित्ताने कणसं खाल्ली जातील.

---

खिडकीतली_तुळस

सगळ्यांचे आभार. आणखी ८ बादल्या रंगाच्या दुकानातून आणल्या. पेंड आणली. चौकोनासाठी जागा एकच आहे, मागच्या खोलीच्या भिंतीवर, आणि ती नेमकी कपड्यांच्या दोऱ्यांखाली, त्यामुळे डिसेंबरपर्यंत चादरी खाली अंगणात वाळतील असं ठरलंय. नवऱ्याने हळदीचा विषय काढला, पण फार ताणला नाही.

पेरणी कोजागिरीनंतरच्या रविवारी. सासूबाईंचे पाच दाणे डबीत तयार आहेत. त्यांनी ते तीन आठवडे थांबून पेरायचेत, हे त्यांना अजून सांगायचं आहे.