अण्णांच्या पोटातला फुगा ५.८ सेंटीमीटर: पोट उघडून की जांघेतून?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. अण्णांना (माझे वडील, वय ७२) प्रोस्टेटच्या सोनोग्राफीला नेलं आणि रिपोर्टात भलतंच निघालं. पोटातली महाधमनी किडनीच्या फाट्यांखाली फुगलीय. सीटी अँजिओ केला, ५.८ सेंटीमीटर. तिथे साधारण २ असते म्हणे.

अण्णा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. रोजचा एक बिडीबंडल, सहा वर्षांपूर्वी सोडला. बीपीची गोळी आठवली तर घेतात. दुखत-खुपत काहीच नाही.

सांगलीहून पुण्याला पाठवलं. तिथले एक सर्जन म्हणाले, पोट उघडून ग्राफ्ट (कृत्रिम नळी) शिवू. दुसरे म्हणाले, जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट सरकवू, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी. खर्च दुसऱ्याचा बराच जास्त. घरात दोन पार्ट्या पडल्यात. भाऊ जांघेवाला. आई म्हणते, पूर्वापार चालत आलेलं ते बरं. आणि अण्णा म्हणतात, "टायर फुटलेला नाही, तर बदलायचा कशाला?"

कुणी यातून गेलंय का?

जुनीसिस्टर
अगं, मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. सत्तावीस वर्षं ऑपरेशननंतरच्या आयसीयूत काढली, त्यावरून लिहितेय.

अण्णांना एकच विचार: टायरच्या कडेला फुगा आला असता तर ती गाडी त्यांनी घाटात घातली असती का? दुखत नाही हीच या दुखण्याची रीत. पुरुषांत ५.५च्या पुढे गेलं की ऑपरेशनचा विषय काढतात, बायकांत ५लाच. एकदा फुटलं की निम्मी माणसं हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा "करायचं का" हा प्रश्न माझ्या मते संपला. उरलं "कसं".

पोट उघडून करतात तेव्हा वरखाली चिमटे लावून रक्त थांबवतात आणि फुगलेल्या भागात डॅक्रॉनची नळी शिवतात. डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टरचं कापडच. अमेरिकेतल्या डीबेकी नावाच्या सर्जनने पन्नाशीच्या दशकात असल्या नळ्या बायकोच्या शिलाई मशीनवर शिवल्या होत्या, आईला सांग, पूर्वापारच आहे. त्रास मात्र खरा. आयसीयू, आठ-दहा दिवस हॉस्पिटल, पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने. पण पहिला महिना निभावला की त्या शिवणीकडे सहसा परत बघावं लागत नाही.

जांघेतलं काम पारोदी नावाच्या डॉक्टरांनी १९९० साली ब्यूनोस आयर्समध्ये पहिल्यांदा केलं. मिटलेली नळी एक्स-रेखाली वर नेऊन फुग्याच्या आत उघडायची. फुगा तिथेच राहतो, फक्त रक्ताचा दाब त्याच्यावरून उतरतो. आणि लोक फसतात ते इथेच. घरी लवकर येतात, म्हणून संपलं असं समजतात. नळीच्या टोकाशी किंवा मागच्या बारीक नसांमधून रक्त पुन्हा फुग्यात शिरू शकतं, त्याला एंडोलीक म्हणतात. म्हणून महिन्याने सीटी, मग दरवर्षी सीटी नाहीतर सोनोग्राफी. जन्मभर.

ब्रिटनमध्ये दोन्ही प्रकारच्या पेशंटना पंधरा वर्षं धरून अभ्यास केला. पहिल्या महिन्यात उघड्या ऑपरेशनमध्ये शंभरात चार-पाच दगावले, जांघेतल्यात दोनच्या आत. पण काही वर्षांत ती आघाडी पुसली गेली, आणि आठ वर्षांनंतर उघड्या ऑपरेशनवाले पुढे निघाले. कारण तेच, मागे राहिलेला फुगा उशिराने फुटणं.

आमच्याकडे एक काका होते, भातशेतीवाले. नळी बसवली, चौथ्या दिवशी चालत घरी. सीटी टळतच गेला: पहिल्या वर्षी लावणी, दुसऱ्या वर्षी मुलीचं लग्न, मग "मला काय झालंय?" चार वर्षांनी रात्री कंबरदुखी घेऊन आले. त्या रात्री शेवटी पोट उघडावंच लागलं. वाचले, पण त्यांच्या बायकोचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून दोन्ही डॉक्टरांना विचार: किडनीच्या फाट्यांखाली नळीला धरायला सरळ, निरोगी जागा किती मिलिमीटर आहे? किडनीचं क्रिएटिनिन किती? आणि एवढ्या बिड्यांनंतर फुफ्फुसं काय म्हणतात? फुंकायची टेस्ट झाली का?

आणखी एक. प्रोस्टेटवाल्यांना लघवीचं इन्फेक्शन झालं की सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन सर्रास लिहितात. महाधमनी फुगलेल्यांना, दुसरा इलाज असेल तर ही औषधं टाळा, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८मध्ये दिलाय. फाइलवर लाल पेनने लिहून ठेव.

सांजवात
माझ्या नवऱ्याचं प्रकरण वेगळं, पण नस तीच. त्याची फुगली नव्हती, आतून चिरली होती, डिसेक्शन. वय ४६, बीपीकडे दुर्लक्ष. पहाटे पाठीत सुरा खुपसल्यासारखं झालं. जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसरीकडे गेलो तर तिथल्या तरुण डॉक्टरणीने दोन्ही हातांचं बीपी मोजलं, फरक ४०चा! तडक सीटी.

चीर डाव्या हाताच्या फाट्याच्या पुढे होती, टाइप बी. छातीतल्या वर चढणाऱ्या भागात असती तर टाइप ए, त्यात तासातासाला धोका वाढतो आणि लगेच छाती उघडतात. ह्याला आधी फक्त ड्रिपने बीपी उतरवलं, नाडी साठच्या खाली. आठ दिवसांनी पोटात कळा सुरू झाल्या, आतड्याचं रक्त कमी पडत होतं, मग जांघेतून छातीत स्टेंट-ग्राफ्ट. पाय लुळे पडू नयेत म्हणून मणक्यातून पाणी काढायची नळीही लावली होती. आज तो गोळ्या घड्याळ लावून घेतो. अण्णांना तेवढं तरी शिकवाच.

रिकामटेकडा
सिस्टरांनी डीबेकींचं नाव काढलंच आहे म्हणून. डिसेक्शनचे १, २, ३ असे प्रकार पाडणारे तेच (ए-बी ही वाटणी दुसऱ्यांची), आणि २००५च्या ३१ डिसेंबरला, ९७व्या वर्षी, त्यांचीच महाधमनी चिरली. ऑपरेशन नको म्हणत होते. शेवटी फेब्रुवारीत झालं, आणि त्यानंतर ते दोन वर्षांहून जास्त जगले.

वनौषधीप्रेमी
अर्जुनसालीचा काढा सुरू करा. कापाकापीची गरज पडणार नाही.

जुनीसिस्टर
दादा, ताणलेली भिंत काढ्याने आक्रसत नाही. बीपीच्या गोळीनेही नाही, आणि ती तर मी स्वतः भरवलीय.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. काल दोन्ही डॉक्टरांकडे परत गेले. धरायला जागा २२ मिलिमीटर, सरळ आहे. क्रिएटिनिन १.१. फुंकायची टेस्ट मात्र वाईट, इतकी की पोट उघडा म्हणणारे सर्जनच म्हणाले, "यांना भूल देऊन पोट उघडायला मी आता तयार नाही." सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारलंय, कागद दिलेत.

टायरचा फुगा सांगितल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गेटर टाकणार आतून." (गेटर म्हणजे टायरला आतून लावतात तो जाड तुकडा.) म्हटलं, हो, तसंच काहीसं. तर म्हणे, "गेटर सरकतो. डेपोला आल्यावर दर वेळी बघावा लागतो." भावाने लगेच मोबाइलमध्ये दरवर्षीच्या सीटीची आठवण लावली. अण्णांनी ती पुसायला लावली आणि कालनिर्णयवर स्वतःच्या हाताने लिहिलं, त्यांचा त्यावरच विश्वास.

जुनीसिस्टर
बिडी परत धरू देऊ नकोस. ऑपरेशन झालं की इथे कळव.