व्यवसाय शिक्षकाचं मानधन नोकरीला लागलेल्यांच्या आकड्यावर?

सुईदोरा:
बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना मी शिवणकाम शिकवते. यंदाही करार वर्षभराचाच, वर नवी अट: जितके प्रशिक्षणार्थी कामाला लागतील, त्यावर मानधन. सरळ टीप मारणं हे एक काम मी २२ पायऱ्यांत तोडून शिकवते. एका मुलीला पेडलवरचा पाय वेळेत उचलता येईना, मोटारीचं मशीन नुसतं पळायचं. दोन महिन्यांनी पेडलखाली लाकडी ठोकळा बसवला, तेव्हा टीप सरळ आली. सुतार शोधला मी, पैसे दिले मी. कागदावर त्या दोन महिन्यांचा निकाल शून्य.

हिशेबी:
राग मानू नका, पण अट बरोबरच आहे. माझा कर्णबधिर भाऊ तीन वर्षं मेणबत्त्या करायला शिकला. का, तर शिक्षकांना तेवढंच येत होतं. सांकेतिक भाषाही येत नव्हती. काम मिळालं नाहीच. पगाराला झळ लागल्याशिवाय कोणी हलत नाही.

सुईदोरा:
मेणबत्त्यांचं पटतं. पण सांकेतिक भाषा शिकायला रजा आणि फी कोण देतं? आणि ही अट आली की पहिली चाळणी प्रवेशालाच लागेल. पटकन शिकणारे आत, माझी पेडलवाली बाहेर.

रंधा:
आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८३चा १५९ क्रमांकाचा करार आहे. मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि नोकरी मिळवून देणं यांसाठी लायक माणसं तयार करून उपलब्ध करावीत, असं त्याचं ९वं कलम सांगतं. आमच्याकडे ती सगळी माणसं म्हणजे मी एकटा! सकाळी सुतारकाम, दुपारी मालकांना फोन, मदतनीस नाही म्हणून मधेमधे मुलांना शौचालयात नेणंही माझ्याकडेच. तेवढ्या वेळात करवतीपाशी कोण उभं राहणार, हे विचारलं तर 'सांभाळून घ्या'.

हिशेबी:
करवतीचं भयंकर आहे, त्यावर वाद नाही. पण मग काहीतरी मोजा तरी! भावाच्या वहीत तीन वर्षं एकच शेरा, 'प्रगती समाधानकारक'.

सुईदोरा:
पायऱ्या मोजा ना. २२ पैकी किती आपणहून, किती खुणेनं, किती हात धरून. रोजचा तक्ता आहे माझ्याकडे. आजवर कोणी मागितला नाही.

हिशेबी:
कोरा तक्ता इथे टाका, भावाच्या केंद्रात दाखवतो. मानधनाबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे.