हरलं की कोच बदला?

मुंबईच्या क्रिकेट संघाने दोन वाईट मोसमांत कोच हाकलायलाच हवा, असं काहीजण म्हणतात; ते मला अजिबात पटलं नाही. मुंबईचे आधीचे कोच अमोल मुजुमदार यांचंच बघा. त्यांच्या हाताखाली मुंबई २०२२ ची रणजी फायनल खेळली, मध्य प्रदेशकडून हरली. पुढच्या मोसमात साखळीतच बाहेर. मग ओंकार साळवी आले आणि मार्च २०२४ मध्ये ४२वं विजेतेपद मिळालं. बदल फळला, मान्य. पण म्हणून आधीचा माणूस कुचकामी होता का?

तोच माणूस कोच म्हणून भारताच्या महिला संघाकडे गेला. २०२५ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, असे लागोपाठ तीन सामने हातचे गेले. तेव्हा कोच बदलला असता तर? आपल्या नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार केल्या, जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७! आणि २ नोव्हेंबरला कप. भारताकडून एकही सामना खेळायला न मिळालेल्या मुंबईकराने हा संघ घडवला, याचा मला फार अभिमान आहे.

ठाण्यातल्या क्लबांनाही माझं हेच सांगणं आहे. पोरांचा कोच दर वर्षी बदलू नका. नव्या कोचला त्यांचा खेळ ओळखायलाच अर्धा मोसम लागतो.