गाळाची जागा हिशेबात धरायची की नाही? कमी डोसच्या गोळ्यांचा ॲसे (गोळ्यांत औषध किती, याची चाचणी)

रबाळे_क्यूसी
ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या क्यूसीवाल्यांशी (क्वालिटी कंट्रोल) हे बोलायचंच होतं. 5 मिलीग्रॅमच्या दहा गोळ्या, वजन 2 ग्रॅम. 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये घालतो, सॉनिकेट करतो (ध्वनिलहरींनी हलवतो), डायल्युएंट म्हणजे विरघळवणारा द्रव घालून मार्कपर्यंत (100 मिलीच्या रेघेपर्यंत) मेकअप करतो. औषध विरघळतं, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज (गोळीतला भरीचा माल) तळाला तसंच. न विरघळणारा माल 1.8 ग्रॅम आणि घनता 1.5 धरली, तर गाळच 1.2 मिली जागा खातो. द्रावण 98.8 मिली, हिशेबात मात्र 100! ॲसे 1.2 टक्क्यांनी फुगतो. गणितात करेक्शन फॅक्टर यायलाच हवा.

महापे_व्हॅलिडेशन
सर, अजिबात पटलं नाही. प्लासिबो (औषधाविना गोळीचा माल) घालून काढलेली रिकव्हरी (घातलेल्या औषधापैकी किती टक्के सापडलं) 98 ते 102 मध्ये बसली, मेथड व्हॅलिडेट झाली. आता फॅक्टर घुसवलात तर ऑडिटर पहिलं विचारेल, घनता कुठून आणली? मेथडमध्ये मार्कपर्यंत म्हटलंय, तर मार्कपर्यंत.

रबाळे_क्यूसी
त्या 98-102 मध्येच तर हे लपतं. 101.2 आलं की पास! औषधाच्या कमी-मध्यम-जास्त अशा तिन्ही लेव्हलला रिकव्हरी 100 च्या वरच येत असेल तर तो योगायोग कसा? कंटेंट युनिफॉर्मिटीत (एकेका गोळीतलं औषध वेगळं मोजतात ती चाचणी) एका फ्लास्कला एकच गोळी, गाळ 0.12 मिली. तिथली सरासरी ॲसेपेक्षा टक्काभर कमी येते आणि खापर फुटतं ॲनालिस्टच्या पिपेटिंगवर.

तुर्भे_एडीएल
दुखणं खरं आहे, पण फॅक्टर नको. डायकॅल्शियम फॉस्फेटची घनता 2 च्या वर, लॅक्टोज तर विरघळूनच जातं, सरसकट 1.5 लावणार कसं? आणि गाळाची उंची बघून घाबरू नका. क्रॉसकारमेलोज (गोळी फुटावी म्हणून घातलेला घटक) फुगतं, पण त्यात शिरलेलं द्रावण बहुधा औषधासकटच असतं. जागा अडते ती कोरड्या मालापुरती. 500 मिलीचा फ्लास्क घ्या, चूक 0.24 टक्क्यांवर येते.

महापे_व्हॅलिडेशन
ताई, दर सॅम्पलला 500 मिली? डायल्युएंटमध्ये ॲसिटोनायट्राइल असेल तर खर्च बघा, वेस्ट बघा. नव्या प्रॉडक्टला करा. जुन्याला टक्काभरासाठी चेंज कंट्रोल (पद्धत बदलायची रीतसर मंजुरी) कशाला?

तुर्भे_एडीएल
मग मार्क सोडा. 100 मिली डायल्युएंट पिपेटने मोजूनच घाला, गाळ कितीही असो. सॉल्व्हंट तेवढाच लागतो.

रबाळे_क्यूसी
हे मान्य, फॅक्टरचा हट्ट सोडतो. पण जुन्या प्रॉडक्टलाही हे करावंच लागेल. मर्यादा 95 असताना स्टॅबिलिटीच्या (साठवून ठेवलेल्या गोळ्यांच्या चाचणीच्या) शेवटच्या पॉइंटला 94.2 ची गोळी 95.3 दिसते आणि पास होते. ती रोज घेणाऱ्या पेशंटला हा टक्काभर कोण भरून देणार?