आलं टिकवायचं कसं? तुमच्या घरचे अनुभव लिहा

पावसाळ्यात आणलेल्या आल्याला चार दिवसांत पांढरी बुरशी धरते आणि एप्रिलमध्ये तेच सुकून काथ्यासारखं होतं. तुम्ही काय करता? नुसतं "आमच्याकडे छान टिकतं" नको. कुठे राहता, आलं नवं होतं की जुनं, आत ठेवलं की बाहेर, तेही लिहा.

---

दादरला राहते. आणल्यावर धूत नाही. माती ओली असली तर रात्रभर पंख्याखाली पसरते, सकाळी झटकते. मग वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, झाकण सैल, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. कागद दमट लागला की बदलायचा, खरी मेहनत तेवढीच. प्लॅस्टिकच्या पिशवीत आल्याला घाम सुटतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

---

आम्ही आलं पिकवतो, सातारा जिल्ह्यात. अर्धं काम बाजारातच होतं, ताई. अंगठ्याने साल निघाली तर ते नवं आलं: रस भरपूर, टिकाऊपणा कमी. जाड सालीचं, मोडल्यावर रेषा दिसणारं जुनं आलं घ्या.

आमच्याकडे गाडीवर भाव ठरतो, गाडी म्हणजे ५०० किलो. भाव पडला की आम्ही काढतच नाही, जमिनीतच राहू देतो. दुसऱ्या वर्षी निघतं तो खोडवा. मातीसारखं कोठार नाही, फक्त पाणी साचता कामा नये, नाहीतर कंदकूज. घरी हेच करायचं तर कुंडीत जेमतेम ओलसर वाळू घ्या, आलं पुरा आणि लागेल तसं मोडून घ्या.

---

वरच्या दादांचं ऐकून कुंडी केली. आता आल्याला कोंब आलेत. फेकायचं का?

---

अजिबात नाही! हिरव्या बटाट्यासारखी भीती इथे नसते. कोंबाकडचा भाग थोडा सुकतो, बाकीचं वापरा. मऊ, पाणचट झालेलं किंवा बुरशीचं मात्र सगळंच टाका. बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते, नुसतं टोक कापून भागत नाही.

---

फ्रिजबद्दल थोडं वेगळं मत. आलं उष्ण प्रदेशातलं, त्याला गारठा सोसत नाही. साठवणुकीला १२–१३ अंश चांगलं मानतात, आपला फ्रिज ४–५ वर असतो. मागच्या भिंतीला टेकलेलं आलं पाणचट होतं ते म्हणूनच. थंडीत पुण्यात मी ओट्याखालच्या टोपलीत उघडंच ठेवते. फ्रिज फक्त उन्हाळा-पावसाळ्यात.

---

लंडनहून. इथे अख्खं आलं फ्रीझरमध्ये टाकते आणि गोठलेलंच सालीसकट किसते. रेषा निघत नाहीत, महिनोन्महिने टिकतं. बाहेर काढून वितळू दिलं की लिबलिबीत होतं, म्हणून काप करायचे असतील तर हा उपाय नको.

चहात घालताना मात्र आधी पाण्याबरोबर नीट उकळा, दूध नंतर. आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं. ते उकळल्यावर निकामी होतं, गोठवून होत नाही.

---

ऑफिसला जाणाऱ्यांसाठी: आलं-लसूण वाटून, बर्फाच्या ट्रेत गोठवून, वड्या डब्यात. वाटण तेलात घालून ओट्यावर ठेवायची पद्धत सोडा. तेलाखाली हवा नसते, आणि लसणावरचे जिवाणू तिथे घातक विष तयार करू शकतात. चवीवरून, वासावरून कळतही नाही.

---

रत्नागिरीच्या सासूबाई "टिकवायचं कशाला, रूप बदलायचं" म्हणतात. नव्या आल्याचे पातळ काप, लिंबाचा रस, मीठ, काचेची बरणी. काप गुलाबी होतात, त्यात रंग वगैरे काही नसतो. ही बरणी फ्रिजमध्ये ठेवते. जास्तीचं आलं थंडीत आलेपाकाला. आणि मे महिन्यात साल खरवडून कडक उन्हात सुंठ. साल राहिली तर आतून वाळायला फार वेळ लागतो. खटकन मोडेपर्यंत वाळवायची, मगच हवाबंद डब्यात. घरची सुंठ कुटायला मिक्सर पुरत नाही, खलबत्ता हवा.

---

एवढं करण्यापेक्षा दोन बोटांएवढं आणा की! मंडईतला भाजीवाला तेवढंही देतो, वर कढीपत्ता फुकट.

---

आमच्या इथला भाजीवाला पावशेराखाली हात लावत नाही, काका. मंडई कुठली ते सांगा.