घरातली संगती की पेठेतलं चर्च? मधे अडकलोय, सल्ला हवा

मधला_बाक (वडगाव शेरी)

सगळ्यांना सलाम. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे पेठेतले. माझा बाप्तिस्मा, दृढीकरण (जाणत्या वयात विश्वास जाहीर करायचा विधी), लग्न सगळं एकाच चर्चमध्ये झालं. आबांनी (वय ७९) तिथे कितीतरी वर्षं दानार्पणाची थैली फिरवली. अजूनही रविवारी साडेसहाला इस्त्रीचा शर्ट घालून तयार असतात, आणि मी पांघरुणात दिसलो की बोलत काही नाहीत, फक्त गॅलरीचं दार जरा जोरात लावतात.

लॉकडाऊनमध्ये चर्च बंद झालं, तेव्हा आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंनी आधी मोबाइलवर प्रार्थना सुरू केली. नियम सैल झाल्यावर चार घरं त्यांच्या हॉलमध्ये जमायला लागली, हीच ती घरातली संगती. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रार्थनास्थळं उघडली. आबा पहिल्याच रविवारी रिक्षा करून पेठेत गेले, आम्ही तिघं मात्र काकूंकडेच राहिलो. आता तिथे पंचवीस-तीस माणसं असतात. सोफा गॅलरीत जातो, चपला लिफ्टपर्यंत जातात. माझा मुलगा (१५) तिथे कहॉन (बसून वाजवायचं लाकडी खोकं) वाजवतो. पेठेत हाच मुलगा प्रवचनभर मांडीवर मोबाइल धरून बसायचा. इथे त्याला शास्त्रभाग वाचायला सांगितला की आदल्या रात्री दोनदा वाचून ठेवतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे 'घरातली सभा म्हणजे टाइमपास' असं मला कुणी सांगू नये.

आता अडचण. गेल्या महिन्यात आबांना आग्रहाने एकदा काकूंकडे नेलं. नेमका सहभागितेचा (प्रभूच्या आठवणीने भाकर आणि प्याला घ्यायचा) रविवार. काकूंनी सकाळच्या चपात्यांतली एक बाजूला काढून ठेवली होती आणि स्टीलच्या पेल्यात कोकम सरबत. भाऊंनी (तेच संगती चालवतात) छोटी प्रार्थना केली, चपाती मोडली आणि ताट फिरवलं. आबांनी तुकडा घेतला, तळहातावर धरला आणि बराच वेळ तसेच बसले. मग रुमाल काढला, तुकडा त्यात गुंडाळला आणि खिशात ठेवला. पेला आला तसा पुढे दिला.

जिन्यात म्हणाले, "ही न्याहारी झाली. पापांगीकार कुठाय? मतांगीकार कुठाय? उभं कोण राहिलं?" (म्हणजे पापांची आणि विश्वासाची कबुली, चर्चमध्ये सगळे मिळून पुस्तकातून म्हणतात.) घरी येऊन रुमाल शास्त्राशेजारी, म्हणजे बायबलशेजारी ठेवला. खाववत नव्हता, फेकवतही नव्हता.

मी कुणाच्या बाजूने आहे, माझं मलाच कळत नाही. २०२२ मध्ये आई गेली. अंत्यविधीत पाळकसाहेब पुस्तकातून वाचत होते आणि मला फक्त 'आमेन' म्हणायचं होतं. त्या दिवशी मला स्वतःचा एक शब्द सुचला नसता. शेकडो लोकांच्या मरणाला वापरलेले ते छापील शब्द मला धरून होते. उलट काकूंकडे 'आता तुम्ही आपल्या शब्दांत प्रार्थना करा' म्हटलं की मी तोतरा होतो. पण हेही सांगतो, आई गेल्यावर अकरा दिवस डबा आला तो काकूंकडच्या माणसांकडून. चर्चकडून सही-शिक्क्याचं शोकपत्र आलं.

जूनमध्ये मुलाच्या दृढीकरणाचा वर्ग सुरू होतोय. आमची वर्गणी दोन वर्षांची थकलीय, ती भरीन. पण चर्चचे कमिटीवाले हजेरी विचारतायत, आणि भाऊ म्हणतात, "दोन दगडांवर पाय ठेवू नका, एक काय ते ठरवा." तुमच्यापैकी कुणी दोन्हीकडे जातं का? कसं जमवता?

---

पेटीवाली

दादा, मी चौदा वर्षं घरातल्या संगतीत पेटी वाजवतेय, पिंपरीत. म्हणून हे आतल्या माणसाचं बोलणं समजा.

पहिली गोष्ट, 'इथे विधी नाही, मोकळेपणा आहे' हे दोन वर्षं खरं असतं. आमच्याकडे आता तीन जलद गाणी, दोन संथ, साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं), मग पन्नास मिनिटं संदेश, मग चहा. चौदा वर्षांत हा क्रम हललेला नाही. एकदा मी पहिलं गाणं संथ घेतलं तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी मतांगीकार उलटा म्हटलाय. फरक एवढाच की आमचा विधी कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे त्याच्यावर भांडताही येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. याआधी मी एका गटात होते. तिथे दानपेटी नव्हती, एका माणसाच्या खात्यावर सगळं जायचं. तो माणूस चांगलाच होता हो, खाल्लं-बिल्लं काही नाही. पण बदली होऊन गेला, आणि एका आजारी बाईसाठी गोळा केलेले पैसे नक्की किती होते हे आजतागायत कुणाला माहीत नाही. चर्चची पंच कमिटी म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण वर्षाला एक दिवस कुणीतरी उभं राहून हिशेब वाचतं ना!

तरी मी संगती सोडणार नाही. माझ्या नवऱ्याची दारू तिथे सुटली, बाकावर बसून नाही. तुमच्या भाऊंना एवढंच विचारा, तुमचा मुलगा एक रविवार पेठेत गेला तर ते त्याला कहॉन वाजवू देतील का. उत्तरावरून माणूस कळेल.

---

खिडकीतला_युतुख

माझं नाव ज्यांना कळलं त्यांना सलाम. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातला तो तरुण. त्रोवस गावी वरच्या माडीवर सभा, प्रेषित पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत, हा खिडकीत बसल्या बसल्या पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली. (जिवंत झाला, काळजी नको.) तेव्हा घरच्या सभेत झोप लागत नाही असं म्हणू नका, आणि पोरगा चर्चमध्ये पेंगतो म्हणून त्याला नावंही ठेवू नका.

आबांचा तो तुकडा अजून रुमालातच आहे का? बाकी चर्चा चालू द्या, मला एवढंच सांगा.

---

जुना_सेक्रेटरी

प्रिय बंधू, सलाम. मी पॅस्टोरेट कमिटीचं (चर्चचा कारभार बघणारी कमिटी) काम बरीच वर्षं केलं, आता निवृत्त. दोन-तीन मुद्दे.

आपल्या वडिलांना वाटत असेल की चर्चची पद्धत आधीची आणि घरातली मागाहून निघाली. तसं नाही. पौल रोमकरांना पत्राच्या शेवटी प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला सलाम सांगतो. सीरियातल्या दुरा-युरोपस या गावी उत्खननात तिसऱ्या शतकातलं एक घर सापडलं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेचा हॉल केलेला आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. आपल्या काकूंनी भिंत पाडायची म्हटली तर सोसायटीचा सेक्रेटरी काय म्हणेल, ते मी सेक्रेटरी असल्यामुळे सांगू शकतो.

पण घरात जमल्याने सगळं शुद्ध होतं असंही नाही. करिंथकर, म्हणजे करिंथ शहरातले पहिल्या काळचे ख्रिस्ती, घरातच जमत. तिथे सुखवस्तू लोक आधी जेवून घेत आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौल त्यावर त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संतापला आहे, आणि आपण सहभागितेच्या वेळी जे शब्द वाचतो ते त्याच अध्यायातले आहेत. म्हणजे पुस्तकातले ते शब्द घरच्या पंगतीतल्या भांडणातून आलेले आहेत. आपल्या वडिलांना हे सांगून पाहा. पटणार नाही, पण ते अध्याय उघडून बघतील.

आता व्यवहार. लग्न लावायला १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दीक्षित पाळक किंवा परवानाधारक सेवक लागतो, नाहीतर मॅरेज रजिस्ट्रार. आपल्या भाऊंकडे परवाना आहे का, हे मुलाच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात विचारू नका. दफनभूमीत जागेच्या वेळी लोक माझ्याकडे रडत आलेले मी पाहिले आहेत, दहा वर्षांत वर्गणी नाही, रजिस्टरला नाव नाही, आणि मयत दारात. आम्ही परत कुणाला पाठवलं नाही, पण त्या वेळी कागद शोधणं फार वाईट असतं. वर्गणी भरून टाका.

पद्धतीवरून भांडणं नवी नाहीत. १९७० साली नागपूरला उत्तर भारतीय मंडळी झाली, तेव्हा अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल असे सगळे पंथ एका छताखाली आले. सहभागिता गुडघे टेकून घ्यायची की जागेवर बसून, एक प्याला की लहान पेले, यावर आमच्या घरात दिवाणखान्याच्या दोन बाजू पडल्या होत्या. आई नगरच्या मिशनची, वडील पुण्याचे. लहान मुलांचा बाप्तिस्मा की मोठ्यांचाच, यावर तर दोन्ही रिती चालतील असंच ठरवावं लागलं.

आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळक विसरू नका. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. १९१९ मध्ये ते गेले. दरबार काही पेठापेठांतून उभा राहिला नाही, पण त्यांची गीतं आपण आजही 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून गातो. ती शंभर वर्षं जपली कुणी? ज्या बाकांचा आपल्या चिरंजीवांना कंटाळा येतो, त्या बाकांवरच्या लोकांनी.

चपाती-कोकमाबद्दल माझं मत विचाराल तर मला ते रुचत नाही. पण याच पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुढे लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांवर ग्रामण्य (धर्म बाटल्याचा खटला) झालं होतं. कोकमावरून दुसरं नको.

---

खडकीचा_कॅथलिक

मी बाहेरचा, तरी बोलतो. आमच्याकडे हे भांडण या रूपात होत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) आहेत. महिन्यातून एकदा गल्लीतली दहा-बारा घरं कुणाच्या तरी घरी जमतात, वाचन करतात, कुणाला काय हवं-नको ते बघतात. मिस्सा (आमची सहभागितेची उपासना) मात्र वेदीवरच, आणि फादरच अर्पण करणार. घरी कुणी चपाती मोडली तर ती खायची चपाती.

पण खरं सांगू का? आमच्या गल्लीच्या सभेला सात-आठ बायका आणि मी असतो. विधीच्या रविवारी चर्च भरलेलं आणि घरच्या सभेला खुर्च्या रिकाम्या. तुमच्याकडे उलटं झालंय, म्हणून मला जरा हेवाच वाटला.

माझी आजी सांगायची, मिस्सा लॅटिनमध्ये असायची तेव्हा ती रोझरी म्हणत बसायची, शब्द कळायचे नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आली, तेव्हा तिला आधी आवडलंच नाही. म्हणाली, आता फादर काय बोलतात ते कळतं, त्यामुळे लक्ष जातं. तुमच्या आबांची आठवण झाली.

---

मधला_बाक (वडगाव शेरी)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मधे पाणी नव्हतं सोसायटीत.

पेटीवाली ताई, भाऊंना तुमचा प्रश्न विचारला. ते दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "वाजवू दे, पण आधी कळवत जा." कळवत जा म्हणजे काय ते मला अजून उमगलं नाही. हिशेबाचंही काढलं. त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली, किराणा दुकानात असते तसली, आणि सगळा हिशेब तीत होता. एक पान वाचून दाखवा म्हटलं तर काकूच म्हणाल्या, दर तीन महिन्यांनी वाचूया. एवढं तरी झालं.

सेक्रेटरी काका, वर्गणी भरली. पावती आबांच्या हातात दिली, त्यांनी ती चष्मा लावून नीट वाचली. अकरावा अध्यायही उघडला होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "करिंथकर वाईटच होते, मी काय वेगळं म्हणालो?"

मुलगा दृढीकरणाच्या वर्गाला जाणार आहे. त्याची अट एकच, आबांनी सोबत यायचं नाही. आबांची अट, त्याने कानातलं काढून जायचं. वाटाघाटी चालू आहेत. मी ठरवलंय की महिन्याचा पहिला रविवार पेठेत, सहभागिता तिथेच घ्यायची. बाकीचे काकूंकडे. भाऊंना हे पटलेलं नाही आणि कमिटीलाही पुरेसं वाटणार नाही, पण याहून जास्त आजघडीला मला झेपत नाही.

खिडकीतले साहेब, तुकड्याचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी तो पापडासारखा कडक झाला. मी सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर आबा ओट्यापाशी उभे, समोर चहाचा कप, रुमाल उलगडलेला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते, सगळं ऐकू आलं नाही, पण शेवटचं 'आम्ही योग्य नाही' एवढं कळलं. मग तुकडा चहात बुडवला आणि खाल्ला. मला बघून म्हणाले, "मीठ कमी होतं. सांग तुझ्या काकूंना."