शाळेनं पोराला घरी बसवलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?

भाचीच्या मुलाला शाळेनं चार दिवस घरी बसवलंय आणि त्या घरात कुणालाच काही सुधरेना. सांगली-साताऱ्याकडच्या ज्या पालकांवर ही वेळ आली, त्यांनी लिहा. शाळेचं, मुलाचं नाव नको. माझ्यापासून सुरुवात करते.

सांगली, विश्रामबाग
मुलगा आठवीत होता. मधल्या सुट्टीत मारामारी झाली, समोरच्याचा चष्मा फुटला. सात दिवस शाळेत पाठवू नका, असा फोन आला. ह्यांचा हात उठला होता, मी मध्ये पडले. त्या दिवशी पोरगं एक शब्द बोललं नाही. रात्री मी भांडी घासत होते, तर शेजारी येऊन उभा राहिला, फडकं घेऊन ताटं पुसायला लागला. चौथं की पाचवं ताट असेल, तेव्हा म्हणाला, "मला भडंग म्हणतात सगळे." आमचा भडंगाचा गाडा आहे. दोन महिने चाललं होतं ते, आणि आम्हाला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी आधी त्या मुलाच्या घरी गेलो. पोरानं स्वतः माफी मागितली, आम्ही चष्म्याचे पैसे दिले. मग शाळेत. किती दिवस आणि कशासाठी बसवलं ते लेखी मागितलं. चिडवण्याबद्दल अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. पोच घ्याच, तोंडी बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. बुडालेली चाचणी नंतर घेतली त्यांनी.

कोरेगाव
मुलगी सहावीत. वर्गात मोबाइल सापडला, तर थेट "दाखला घेऊन जा" म्हणाले. चार दिवस घरी बसवणं वेगळं आणि दाखला हातात देणं वेगळं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम 16 मध्ये, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही असं स्पष्ट आहे. मी आवाज न चढवता तेवढंच अर्जात लिहिलं. ऐकलं नसतं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणार होतो. तशी वेळ आली नाही.

मिरज
मी चुकलो. अद्दल घडावी म्हणून नववीतल्या पोराला आठवडाभर गावी उसात पाठवलं. काय झालं, हे विचारलंच नाही. ज्या व्हिडिओवरून शाळेनं त्याला घरी बसवलं, तो त्याच्या मोबाइलवर दुसऱ्यानं काढला होता, हे दिवाळीत त्याच्या मित्राकडून कळलं. मी माफी मागितली. अजून तो मला आपणहून काही सांगत नाही.

वाई, निवृत्त शिक्षिका
घरी असला तरी शाळेच्याच वेळेला उठवा, रोजचा अभ्यास वर्गशिक्षकांकडून मागवून घ्या. आणि परतायच्या आदल्या दिवशी त्यांना एक फोन करा, की उद्या सगळ्यांसमोर उभं करून काही विचारू नका. अशी मुलं परत आली की वर्गाच्या दारात थबकतात. मी हजेरी घेताना त्यांचं नाव रोजच्याच आवाजात घ्यायची.